कोहोलिंटला जायला वीस मिनिटं

स्टार्ट, सिलेक्ट, ए आणि बी. उजवा अंगठा आडवा करून ए-बीवर ठेवायचा, डावा खाली सरकवून सिलेक्ट-स्टार्टवर, आणि चारही बटणं एकदम दाबायची. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग’ या गेममध्ये असं केलं की सेव्ह करायची पाटी समोर येते. कुठेही असा, जंगलात असा किंवा भुयारात असा, ही पाटी येते. सेव्ह करून गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, बंद करायचा आणि उठायचं. परत चालू केलात की तुमचा हिरो अगदी त्याच जागी नसतो, ज्या दारातून शेवटचा आत शिरला त्या दारात उभा असतो. पण मिळालेल्या वस्तू त्याच्याकडे असतात आणि उघडलेली कुलपं उघडीच असतात. म्हणजे केलेलं काम वाया जात नाही, फक्त थोडं चालावं लागतं.

या एका सोयीवर मी हा अख्खा गेम पूर्ण केला.

मला खेळायला वेळ मिळतो तो असा: लेक पोहण्याच्या क्लासला आत गेली की बाहेरच्या बाकावर, वरण-भाताचा कुकर लावल्यावर शिट्ट्या होईपर्यंत, आणि रात्री ओटा आवरून झाला की डोळे मिटायला लागेपर्यंत. सलग तास मिळेल असा दिवस उगवत नाही आणि पुढची काही वर्षं उगवेल असंही वाटत नाही. नोकरी आहे, सासूबाईंची औषधं आणि डॉक्टरांच्या वेळा आहेत, लेकीचा अभ्यास आहे. हल्लीचे मोठे गेम या वेळात बसत नाहीत. चालू केला की आधी अपडेट, मग लांबलचक कथेचा प्रसंग, मग कुठे हातात बटणं येतात, आणि तोवर कुणीतरी हाक मारलेली असते. जुने हातातले गेम मात्र या फटींमध्ये बरोबर बसतात. कारण ते मुळात अशाच फटींसाठी बनले होते.

हे मी मनचं सांगत नाही. गुनपेई योकोई हे निन्टेन्डोतले अभियंते. एकदा त्यांनी शिंकान्सेन गाडीत एका नोकरदार माणसाला वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेलं पाहिलं, आणि त्यातून त्यांना खिशात मावणाऱ्या गेमची कल्पना सुचली. १९८० साली त्यांचा ‘गेम अँड वॉच’ आला आणि २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय. हातातल्या गेमच्या मुळाशी असा एक प्रवासी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डोंबिवली-कल्याणहून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हाताशी थोडाच वेळ आहे, तोही कधी मोडेल सांगता येत नाही, आणि तरी त्यात मनाला काहीतरी हवं आहे. योकोईंनी या माणसाकडे नीट पाहिलं.

त्यांचं आणखी एक तत्त्व होतं. अगदी नवं, महाग तंत्र वापरायचं नाही. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. म्हणून गेम बॉयची स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची आणि चार हिरवट छटांची. रंग नाही, आतून उजेड नाही. त्याच सुमारास आलेल्या सेगाच्या गेम गिअरला रंगीत, उजेडाची स्क्रीन होती, पण त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. गेम बॉयला चार सेल लागत आणि ते कितीतरी जास्त टिकत. ज्याला रोज थोडं थोडं खेळायचं आहे त्याला रंगापेक्षा टिकणारे सेल हवे असतात.

आपल्याकडे गेम बॉय तसा दुर्मीळच. माझ्या पिढीतल्या बहुतेकांकडे होता तो करड्या प्लास्टिकचा ब्रिक गेम, ज्यावर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत निघायचे तेच विटा रचायचे आणि गाड्यांचे पाच-सहा प्रकार. शिवाय टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटा. गेम बॉय दिसायचा तो ज्यांचं कुणी आखातात नाहीतर अमेरिकेत असेल त्यांच्याच घरी. माझे मामा मस्कतला होते. त्यांनी मामेभावाला गेम बॉय कलर आणला आणि त्याबरोबर ‘लिंक्स अवेकनिंग’ची १९९८ ची रंगीत आवृत्ती. मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला गेलं की तो आम्हा सगळ्या भावंडांत आळीपाळीने फिरायचा. माझ्या वाट्याला यायचा तेव्हा मी तो खिडकीत नेऊन बसायचे, कारण त्यालाही आतून उजेड नव्हता. सुट्टी संपली की गेम तिथेच राहायचा. शेवट आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही.

काही वर्षांपूर्वी मामी घर आवरत होत्या, तेव्हा त्यांनी त्या गेम बॉयचा डबा माझ्याकडे पाठवून दिला. यंत्र चालू होतं. दोन पेन्सिल सेल घातले, ओळखीचा सूर वाजला, गेम सुरू झाला. पण सेव्ह केलेलं राहीना. बंद करून चालू केलं की पुन्हा पहिल्यापासून.

यामागची गोष्ट माहीत करून घेण्यासारखी आहे. अशा कॅसेटमध्ये गेम ज्या चिपवर असतो ती कायमची, तिला काही होत नाही. तुम्ही कुठवर आलात याची नोंद मात्र दुसऱ्या एका छोट्या चिपवर राहते आणि त्या चिपला सतत थोडी वीज लागते. त्यासाठी आत घड्याळातल्यासारखा एक बटण सेल असतो. यंत्र बंद असताना तो एकटा ती नोंद धरून ठेवतो. वर्षानुवर्षं धरतो, आणि एक दिवस संपतो. ज्या गेममध्ये घड्याळही चालतं, उदाहरणार्थ १९९९ चे ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’, त्यांचा सेल तर अजून लवकर जातो.

मी कॅसेट घेऊन पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. दोन दुकानदारांनी हात वर केले. तिसऱ्या ठिकाणी माडीवर एक काका रिमोट दुरुस्त करत होते. त्यांनी कॅसेट उलटी करून पाहिली, तिचा वेगळ्याच डोक्याचा स्क्रू बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “ताई, हे आमच्या पान्यात बसायचं नाही. पण बसा.” मग एका जुन्या बॉलपेनच्या प्लास्टिकचं टोक त्यांनी मेणबत्तीवर मऊ केलं, स्क्रूवर दाबून धरलं, गार होऊ दिलं आणि त्याच साच्याने स्क्रू फिरवला. आत सेलला दोन पत्र्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, साधा सेल तिथे बसत नाही. त्यांनी ड्रॉवरमधून पट्टीवाला नवा सेल काढला, जुना सोडवला, कथील लावून नवा जोडला. एवढं झाल्यावर त्यांनी विचारलं, “कुणाचा खेळ? मुलाचा?” “माझा,” म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “मग नीट टाकीन अजून एक टाका.”

असा तो गेम माझा झाला.

आता त्या बेटाबद्दल. वादळात जहाज फुटून लिंक नावाचा हिरो कोहोलिंट नावाच्या बेटावर वाहून येतो. मरिन नावाची मुलगी त्याला किनाऱ्यावरून घरी आणते. बेटाच्या डोंगरावर एक प्रचंड अंडं आहे आणि त्यात विंड फिश नावाचा देवमाशासारखा जीव झोपला आहे. आठ भुयारांतून आठ वाद्यं गोळा करायची, अंड्यासमोर वाजवायची, विंड फिशला जागं करायचं, तरच बेटावरून सुटका. गोष्ट एवढीच. बेटाचा नकाशा १६ बाय १६ चौकोनांचा, म्हणजे २५६ पडदे. एका वेळी एकच पडदा दिसतो आणि ज्या चौकोनात पाऊल टाकाल तोच नकाशावर उजळतो. वीस मिनिटांत दोन-तीन नवे चौकोन उजळले तरी नकाशा उघडून पाहिल्यावर आज काहीतरी झालं असं वाटतं.

खंड पडणाऱ्या माणसाची काळजी या गेमने किती घेतली आहे, ते मला मोठेपणीच कळलं. बेटावर जागोजागी झाडासारख्या दिसणाऱ्या टेलिफोनच्या झोपड्या आहेत. आत जाऊन फोन उचलला की गावातले उलरिरा आजोबा पलीकडून बोलतात आणि आता कुठे जायला हवं ते सांगतात. गंमत म्हणजे त्यांच्या घरी जाऊन समोर उभं राहिलं तर आजोबा लाजतात, मला फोनच करा म्हणतात. लहानपणी मी या झोपड्यांत जायचेच नाही, वेळच इतका होता की वाट चुकण्यातच मजा यायची. आता ऑफिसातल्या वर्षअखेरीच्या धांदलीत पंधरा दिवस गेमला हात लागत नाही. मग मी आधी जवळच्या झोपडीत शिरते, फोन उचलते, आणि आजोबा विसरलेला धागा हातात देतात.

सगळ्यात लाडकं मात्र वस्तूंच्या देवाणघेवाणीचं प्रकरण. माबे गावातल्या खेळाच्या दुकानात पंज्याने वस्तू उचलायच्या यंत्रातून एक योशीची बाहुली मिळते. ती तान्ह्या बाळाच्या आईला दिली की ती रिबिन देते. रिबिन एका नटव्या कुत्रीला हवी असते, ती कुत्र्यांच्या खाण्याचा डबा देते. डबा किनाऱ्यावरच्या मगरीला, मगर केळी देते. केळी माकडाला, तर माकडं मिळून किल्ल्याकडे जायचा पूल बांधतात आणि मागे एक काठी ठेवतात. काठी मरिनच्या वडिलांना, ते ती मधमाश्यांच्या पोळ्यात घालतात, माश्या त्यांच्या मागे लागतात, पोळं आपल्याला. पोळं स्वयंपाकी अस्वलाला, त्याच्याकडून अननस. अननस डोंगरात वाट चुकून उपाशी बसलेल्या माणसाला, आणि हा माणूस म्हणजे त्याच बाळाचा बाबा. पुढे फूल, पत्र, झाडू, गळाचा आकडा, जलपरीचा हार असं करत करत शेवटी एक भिंग हातात येतं.

रोज एवढ्यातेवढ्या वेळात ही साखळी एकेक कडीने पुढे नेण्याचं सुख काय सांगू. क्लासच्या बाकावर बसून अननस पोचवला आणि घरी गेले, इतकंच त्या दिवशी झालं. पण भाजी निवडताना डोक्यात होतं की त्या बाबाचं पोट भरलं. शेजारच्या गावी कुणाला डबा पोचवून आल्यासारखं. एका दमात खेळले असते तर तो माणूस अर्ध्या मिनिटात मागे पडला असता.

हा गेम कसा बनला ते वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. निन्टेन्डोतले काझुआकी मोरिता यांच्याकडे गेम बॉयसाठी प्रोग्रॅम लिहायची साधनं आली, तेव्हा त्यांनी नेमून दिलेलं काम संपल्यावर, स्वतःच्या हौसेने, त्यावर झेल्डासारखं काही जमतं का ते करून पाहायला सुरुवात केली. ऑफिस सुटल्यावर आणखी लोक येऊन बसू लागले. शाळा सुटल्यानंतरच्या मंडळासारखा कारभार होता, असं त्यांच्यातल्या ताकाशी तेझुका यांनी पुढे सांगितलं आहे. मग तो रीतसर प्रकल्प झाला, तेझुका यांनीच दिग्दर्शन केलं आणि जून १९९३ मध्ये गेम जपानमध्ये बाहेर पडला. मोकळेपणा त्यात जागोजागी दिसतो. दुसऱ्याच गेममधली पात्रं इथे सुखाने फिरतात, मारिओतला साखळीला बांधलेला गोल चावरा जीव इथे पाळीव कुत्रा होतो, आणि दुकानातून चोरी करून पळालात तर त्यानंतर बेटावर सगळे तुम्हाला ‘चोर’ म्हणूनच हाक मारतात. ज्यांनी हा गेम सुरू केला त्यांनी तो उरलेल्या वेळात केला. तीस वर्षांनी मी तो उरलेल्या वेळात खेळत होते. हे नातं मला खरं वाटतं आणि त्याचा अभिमानही वाटतो.

सहाव्या भुयाराच्या आधी एक पडकं देऊळ लागतं. तिथल्या राखणदाराला हरवलं की भिंतीवरचा कोरीव लेख वाचता येतो. त्यात लिहिलेलं असतं की हे बेट, इथली माणसं, समुद्र, आकाश, सगळं झोपलेल्याचं स्वप्न आहे. विंड फिश जागा झाला की कोहोलिंट उरणार नाही.

मी तो लेख रात्री वाचला. घरात सगळे झोपले होते, नवऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली उभी राहून खेळत होते. लेख संपला आणि मी सेव्ह केलं.

तो दगड वाचल्यावर गेम पुढे नेणं वेगळं झालं. वाद्य मिळालं की पूर्वी आनंद व्हायचा, आता त्याबरोबर हिशोब यायचा. मरिन गाणं म्हणते. वाळवंटाच्या वाटेवर आडव्या पडलेल्या वॉलरसला उठवायला ती आपल्याबरोबर आली होती, किनाऱ्यावर बसून तिने विचारलं होतं की समुद्रापलीकडे काय असतं, आणि म्हणाली होती की आपण सीगल असतो तर उडून गेलो असतो. त्या मुलीला मी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ओळखत होते आणि आता दिवाळी जवळ आली होती. सांगलीच्या सुट्टीत माझ्या हाती सलग दिवस लागले असते, तर मी हे आठवड्यात उरकलं असतं आणि मरिन माझ्यासाठी एका गेममधलं एक पात्र राहिली असती. वेळ कमी होता म्हणून गेम लांबला, आणि लांबला म्हणून तो माझ्या दिवसांत मिसळून गेला. वेळेच्या तुटवड्याने माझं काही कमी केलं नाही. उलट हे बेट मला त्यानेच दिलं.

लोक विचारतात की फोनवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्रांचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, असताना एवढा खटाटोप कशाला. हल्ली हजारो गेम आधीच भरलेली छोटी चिनी यंत्रंही मिळतात. माझ्या भाच्याकडे आहे तसं एक. तो एक गेम लावतो, दहा मिनिटांत दुसरा, मग तिसरा, आणि यादी खाली सरकवण्यात त्याची सगळी संध्याकाळ जाते. ज्याला वेळ कमी आहे त्याने एका वेळी एकच गेम धरावा आणि तो संपेपर्यंत दुसऱ्याकडे पाहू नये, असं माझं ठाम मत आहे. पंधरा मिनिटांत निवड करायची आणि खेळायचंही, दोन्ही होत नाही.

एम्युलेटरमध्ये हव्या त्या क्षणी सगळं गोठवून ठेवता येतं आणि तिथूनच पुढे सुरू करता येतं. ज्यांच्याकडे खरोखर पाच-पाच मिनिटंच असतात, ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांनी ते जरूर वापरावं. त्यात काही कमीपणा नाही. मी स्वतः मात्र बॉसशी, म्हणजे भुयाराच्या शेवटच्या मोठ्या शत्रूशी, लढताना ते वापरत नाही. प्रत्येक फटक्याआधी गोठवून ठेवलं की भीती जाते, आणि भीती गेली की जिंकणंही जातं. दारापाशी परत जाऊन पुन्हा चालत येणं मला चालतं. अडल्यावर नेटवर उत्तर पाहायलाही माझी हरकत नाही, फक्त आधी आजोबांना फोन करावा.

शेवटाकडे ते भिंग कामाला येतं. माबे गावच्या वाचनालयात एक पुस्तक असतं, ज्यातली अक्षरं इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. अंड्याच्या आत जो भुलभुलैया आहे, त्यातून कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, कुठे वर, तो रस्ता त्या पुस्तकात लिहिलेला आहे. बाहुलीपासून निघालेली साखळी इथे येऊन पोचते. मी तो रस्ता दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतला.

शेवटचा राक्षस एकामागून एक रूपं बदलतो, त्यातली काही आधीच्या गेममधल्या शत्रूंची. कठीण आहे, पण अन्याय करत नाही. तो गेल्यावर जिना दिसतो, विंड फिश येतो, बोलतो, आणि आठ वाद्यांवर ते गाणं वाजतं. गाणं चालू असताना बेटावरच्या जागा एकेक करून नाहीशा होतात. गाव जातं, माणसं जातात. लिंक समुद्रात फळकुटावर जागा होतो आणि वरून विंड फिश उडत जातो. मी पडद्यावरची नावं शेवटपर्यंत वाचली. मोरितांचं नाव आलं तेव्हा मनात त्यांना नमस्कार केला. लेक शेजारी येऊन बसली होती. तिने विचारलं, “ती मुलगी कुठे गेली?” मी तिला सगळी गोष्ट सांगितली, अगदी दगडावरच्या लेखासकट. तिने थोडा विचार करून विचारलं, “मग तू का उठवलंस त्याला?” मी म्हटलं, तो झोपेतच राहिला असता तर बेट वाईट स्वप्नांनी भरून गेलं असतं, राक्षस तिथूनच तर येत होते. तिला ते अर्धंच पटलं. मलाही अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि या प्रश्नावर आमच्या घरात जेवताना अधूनमधून वाद होतो.

आता १९९४ चा ‘डाँकी काँग’ मिळवलाय. सुरुवातीला मूळ गेमचे ओळखीचे चार टप्पे येतात, वाटतं संपलं, आणि मग गोरिला पुन्हा मुलीला उचलून पळतो आणि पुढे असे टप्पे येत राहतात की एकूण १०१ होतात. छोटे छोटे, एकेक कोडं असल्यासारखे. मधे मधे सेव्ह होतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांत दोन टप्पे आरामात निघतात.